पुराचे पाणी कोणाच्या वाट्याला?

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच सकाळी न्यू ऑर्लिन्स या जुन्या, नामवंत शहरात पाणी शिरू लागले. पाहता पाहता शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. या घटनेला २०२५ साली वीस वर्षे पूर्ण झाली. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या केंद्रीय आणीबाणी व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘फेमा’ने, आपत्ती येण्यापूर्वीच्या तयारीसाठी राज्यांना व नगरपालिकांना मिळणारे एक मोठे अनुदान बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. हे अनुदान २०१८ च्या कायद्यान्वये सुरू झाले होते. जुलैमध्ये वीस राज्यांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

या निर्णयाच्या कायदेशीरपणाचा निवाडा हा न्यायालयांचा विषय आहे. सामान्य नागरिकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. अशा पूर्वतयारीवर केंद्र सरकारने खर्च केलेल्या एका डॉलरमागे पुढील नुकसानीचे सरासरी सहा डॉलर वाचतात, असा हिशेब तेथील राष्ट्रीय बांधकाम-शास्त्र संस्थेने २०१९ साली मांडला होता. व्यापारी वृत्तीच्या या देशात इतका किफायतीचा सौदा नाकारला जावा, याचे कारण काय? अज्ञान हे कारण नाही. पूर, हरिकेन आणि आपत्तीतून समाज पुन्हा कसा उभा राहतो यांविषयी अमेरिकेत गेली ऐंशी वर्षे जेवढे संशोधन झाले तेवढे क्वचितच कोठे झाले असेल. खरे कारण असे की, एक डॉलर ज्याच्या खिशातून जातो आणि सहा डॉलर ज्याचे वाचतात, ते दोघे एक नसतात. पुराचा धोका नाहीसा फार क्वचित होतो. बहुधा तो एकाकडून काढून दुसऱ्याच्या वाट्याला घातला जातो, आणि ही वाटणी कोण करतो हा राजकारणाचा प्रश्न आहे. न्यू ऑर्लिन्सचा शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

सुरुंग आणि कायदा

मिसिसिपी नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळावर हे शहर वसले आहे. नदीकाठची जुनी वस्ती जराशा उंचवट्यावर आहे. मागच्या बाजूची दलदल विसाव्या शतकात पंपांनी उपसून तेथे नवी वस्ती करण्यात आली. उपसा झालेली जमीन खचत गेली आणि शहराचा बराच भाग आज समुद्रसपाटीच्या खाली आहे. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस पाँचरट्रेन हे विस्तीर्ण सरोवर आणि त्यापलीकडे मेक्सिकोचे आखात. अशा जागी राहावयाचे म्हणजे बांधांच्या आधारानेच राहावयाचे.

१९२७ च्या वसंत ऋतूत मिसिसिपीला महापूर आला. शहर बुडेल या भीतीने तेथील बँकवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी राज्य सरकारचे मन वळविले, आणि २९ एप्रिल रोजी शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन येथे नदीचा बांध सुरुंग लावून फोडण्यात आला. त्यासाठी सेंट बर्नार्ड व प्लाकमिन्स या दोन परगण्यांतील सुमारे दहा हजार लोकांना घरेदारे सोडावी लागली. मासेमारी करून आणि कातड्यासाठी लहान जनावरे पकडून पोट भरणारी ही गरीब माणसे होती. त्यांना भरपाईचे वचन देण्यात आले. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती नगण्य रक्कम पडली. नदीच्या वरच्या भागातील बांध ठिकठिकाणी आपोआप फुटून पाण्याचा जोर ओसरल्यामुळे हा सुरुंग लावण्याची गरजच नव्हती, हेही मागाहून दिसून आले.

पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने पूरनियंत्रणाचा कायदा करून मिसिसिपीच्या बांधांची जबाबदारी केंद्राकडे घेतली. मात्र पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीबद्दल केंद्र सरकारला जबाबदार धरता येणार नाही, असे कलम त्याच कायद्यात घालण्यात आले. ऐंशी वर्षांनी, २००८ मध्ये, कतरिनाच्या वेळी फुटलेल्या कालव्यांच्या भिंतींबाबत नागरिकांनी केलेला दावा याच कलमापायी निकालात निघाला. लष्कराच्या अभियंता दलावर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले, परंतु कायद्यापुढे त्यांचे हात बांधलेले होते. बांध बांधण्याचा अधिकार एकाकडे आणि तो फुटल्यावर भोगावयाचे दुसऱ्याने, ही व्यवस्था अशी कायद्यानेच पक्की झालेली होती.

बांधाआडची निश्चिंती

या विचारसरणीला पहिला शास्त्रीय आक्षेप एका भूगोलतज्ज्ञाने घेतला. गिल्बर्ट व्हाइट यांचा शिकागो विद्यापीठातील प्रबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. पूर निसर्गाने येत असला तरी पुराची हानी ही बव्हंशी माणसाच्या करणीने होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बांध उभा राहिला की लोकांना निर्धास्त वाटते. बांधाआडच्या जमिनीचा भाव चढतो, तेथे घरे, दुकाने, कारखाने उभे राहतात. नेहमीचे लहान पूर अडतात, हे खरे. पण बांधाच्या ताकदीपलीकडचा एखादा पूर आला म्हणजे पूर्वी जेथे शेते बुडाली असती तेथे आता शहर बुडते. बांधाखेरीज जमिनीच्या वापरावर निर्बंध, पूर्वसूचना, उंच बांधणी, विमा असे अनेक उपाय एकत्र योजावेत, हा त्यांचा आग्रह होता. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्षपदही व्हाइट यांच्याकडे आले आणि १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. हा विमा नीट राबविला नाही तर लोक पूरक्षेत्रात राहावयास अधिकच प्रवृत्त होतील, असा इशाराही त्या गटाने देऊन ठेवला होता.

१९६५ च्या सप्टेंबरात ‘बेट्सी’ या चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्सला तडाखा दिला आणि काँग्रेसने पाँचरट्रेन सरोवराभोवतीच्या नव्या तटबंधांना मंजुरी दिली. या योजनेचा फायदा-तोट्याचा सरकारी हिशेब मोठा उद्बोधक आहे. नियोजनशास्त्राचे अभ्यासक रेमंड बर्बी यांनी कतरिनानंतर दाखवून दिल्याप्रमाणे, योजनेपासून अपेक्षित असलेल्या लाभांपैकी जेमतेम एक-पंचमांश लाभ तेव्हाच्या वस्तीच्या रक्षणातून मिळणार होता. उरलेला चार-पंचमांश लाभ बांधाआड पुढे होणाऱ्या नव्या वस्तीचा होता. म्हणजे दलदलीत नवी वस्ती होणे हा या योजनेचा आर्थिक पायाच होता. सरकार जमीन सुरक्षित करू पाहते आणि त्या प्रयत्नातूनच नवी माणसे धोक्यात लोटते, या विसंगतीला बर्बी यांनी सुरक्षित विकासाचा विरोधाभास म्हटले आहे. व्हाइट यांनी साठ वर्षांपूर्वी सांगितले ते हेच. आपले म्हणणे इतक्या भयंकर रीतीने खरे ठरल्याचे पाहून २००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

मंजुरीनंतर चाळीस वर्षांनीही ते तटबंध पुरे झालेले नव्हते. कालव्यांच्या काही भिंती तर ज्या पातळीपर्यंत पाणी पेलण्यासाठी बांधल्या होत्या, ती पातळी गाठली जाण्यापूर्वीच ढासळल्या. ही संरक्षक व्यवस्था केवळ नावाची व्यवस्था होती, अशी कबुली अभियंता दलाच्या स्वतःच्या चौकशी अहवालात २००६ साली देण्यात आली. पूर्वसूचना नव्हती असेही म्हणता येत नाही. जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ या काल्पनिक हरिकेनचा सराव करून अधिकाऱ्यांनी शहर बुडण्याचे जवळजवळ हुबेहूब चित्र कागदावर उतरविले होते.

मृत्यूची आणि मदतीची वाटणी

२८ ऑगस्टला शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला. परंतु तेथील सुमारे एक-चतुर्थांश कुटुंबांकडे मोटार नव्हती. ज्यांच्याकडे वाहन, पैसा आणि परगावी नातेवाईक होते ते गेले. म्हातारे, आजारी आणि गरीब मागे राहिले. कतरिनाच्या बळींची संख्या बरीच वर्षे १८३३ अशी सांगितली जात असे. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये ती फेरतपासून १३९२ वर आणली. लुइझियानातील मृतांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे पंचाहत्तर वर्षांवरील होती. वादळ वय पाहून येत नाही. पण मृत्यू कोणाला गाठणार हे पुष्कळसे आधीच ठरून गेले होते.

पुनर्वसनातही तेच घडले. घरे पुन्हा बांधण्यासाठी सरकारने ‘रोड होम’ ही अब्जावधी डॉलरची योजना आखली. घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी तिच्या आधाराने अनुदान द्यावयाचे, असा नियम करण्यात आला. वरकरणी हा नियम सर्वांना सारखाच होता. परंतु कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घरांना गोऱ्या वस्तीतील तशाच घरांहून भाव कमी असे. परिणामी छपराला, भिंतीला आणि मजुरीला खर्च सारखाच येत असताना अनुदान मात्र कमी मिळाले. यावर खटला झाला आणि २०११ साली तडजोड करावी लागली. तोवर अनेक कुटुंबे कायमची परागंदा झाली होती. २००० साली शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती. २०२० च्या जनगणनेत ती ३,८३,९९७ भरली.

हा केवळ एका शहराचा दोष नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हार्वी’ हरिकेनने टेक्सास राज्यात काही ठिकाणी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस परगण्यात येते तेथे दीड लाखाहून अधिक घरांत पाणी शिरले, आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास घरे सरकारी नकाशांवर दाखविलेल्या पूरक्षेत्राच्या बाहेर होती. शहराच्या रक्षणासाठी १९४० च्या दशकात अॅडिक्स व बार्कर ही धरणे बांधण्यात आली होती. पूर आला म्हणजे त्यांत पाणी साठवावयाचे, एरवी ती कोरडी. धरण पूर्ण भरले असता जी जमीन बुडेल ती सगळी सरकारने विकत घेतली नव्हती. उरलेल्या भागात बिल्डरांनी वसाहती उठविल्या. आपण धरणाच्या पोटात घर घेत आहोत हे तेथील कित्येकांना हार्वीपर्यंत ठाऊक नव्हते. खालच्या शहराचे रक्षण करताना पाणी कोठे साठणार हे अभियंत्यांना माहीत होते; ज्यांच्या घरात ते साठणार होते त्यांना मात्र ते सांगितले गेले नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने धरणांच्या वरच्या भागातील या घरमालकांच्या बाजूने निकाल दिला.

शेजाराचे बळ आणि त्याची मर्यादा

अलीकडच्या संशोधनात समाजाच्या सावरण्याच्या शक्तीवर मोठा भर दिलेला आढळतो. डॅनिएल आल्ड्रिच हे राज्यशास्त्रज्ञ कतरिनाच्या थोडेच आधी न्यू ऑर्लिन्सला राहावयास आले होते आणि त्या पुरात त्यांचे स्वतःचे घर गेले. पुढे त्यांनी टोकियोचा १९२३ चा व कोबेचा १९९५ चा भूकंप, तमिळनाडूतील २००४ ची त्सुनामी आणि न्यू ऑर्लिन्स यांचा तौलनिक अभ्यास केला. नुकसान किती झाले किंवा मदत किती मिळाली यापेक्षा माणसांचे परस्परसंबंध किती घट्ट होते, यावर पुनरुत्थान अधिक अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शहराच्या पूर्व टोकाला व्हिलेज द लेस्ट नावाची व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती आहे. १९७५ नंतर ही माणसे तेथे आली. तेथील कॅथलिक चर्चभोवती त्यांचे सारे जीवन गुंफलेले आहे. पुरानंतर सरकारी योजनांची वाट न पाहता ती परतली, एकमेकांची घरे साफ केली, चर्च उघडले. २००६ मध्ये शहरातील ढिगाऱ्यांसाठी त्यांच्या वस्तीलगत कचरा डेपो उघडण्यात आला, तेव्हा तरुण आणि आजीआजोबा बरोबरीने रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांत तो डेपो बंद पडला. साऱ्या शहराचा उकिरडा आपल्या दारात नको, एवढे सांगण्याचे बळ त्यांच्या एकीने त्यांना दिले.

पण चित्राची दुसरी बाजूही आल्ड्रिच यांनीच दाखविली आहे. बेघरांसाठी सरकारने चाकांवरची तात्पुरती घरे आणली, तेव्हा ज्या भागांत मतदानाचे प्रमाण अधिक, म्हणजे जेथील नागरिक अधिक जागरूक व संघटित, त्या भागांनी ही घरे आपल्याकडे येऊ दिली नाहीत. ती ज्यांचा आवाज चालत नाही त्यांच्याकडे ढकलली गेली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही असेच आढळले. कोळ्यांच्या गावपंचायती बळकट होत्या, म्हणून त्या गावांना मदत लवकर पोचली. मात्र त्याच पंचायतींनी केलेल्या याद्यांतून दलित, मुसलमान आणि विधवा वगळल्या गेल्या. तेव्हा शेजाराची एकी हा सद्गुण असला तरी ती आपोआप न्याय करीत नाही. आपल्या दारातले पाणी परतविताना ते पलीकडच्या दारात जाते की काय, हे पाहणारे कोणीतरी लागते. ते काम राज्यसंस्थेचे आहे. सोशिक समाजाचे गोडवे गात सरकारने आपली जबाबदारी झटकणे, हे या संशोधनाचे तात्पर्य खचित नव्हे.

बांध निरुपयोगी आहेत असाही याचा अर्थ नाही. कतरिनानंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून उभारलेली नवी तटबंदी बरोबर सोळा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या ‘आयडा’ हरिकेनपुढे टिकली आणि शहर बुडाले नाही. मात्र तटबंदीबाहेरच्या लाप्लास गावात पाणी शिरले, कारण तेथला तटबंध तोवर पुरा झालेला नव्हता. शहरात तर पाण्याऐवजी उष्म्याने माणसे दगावली. वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या एकदम बंद पडल्या, आणि पुढचे काही दिवस वरच्या मजल्यांवरील खोल्यांत अडकलेली वृद्ध माणसे उकाड्याने गेली. भिंत सुदृढ असूनही संकटाने पुन्हा दुबळ्यांनाच गाठले. यावरून धडा घेऊन तेथील नागरिक संघटनांनी चर्च व सभागृहांवर सौर विजेची व ती साठविण्याची सोय करण्यास प्रारंभ केला. वीज गेली की शेजारच्या लोकांनी तेथे यावे, औषधे थंड ठेवावीत, श्वासाची यंत्रे चालवावीत. योजना साधी आहे, पण कोण एकटे आहे, कोणाला जिना उतरवत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती आखली आहे.

आपल्या पूररेषा

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याची सोय महाराष्ट्राला नाही. कतरिनाच्या चौतीस दिवस आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे विस्मरण झालेल्या शहराला तिने आपली वाट दाखवून दिली. २०१९ व २०२१ साली कोल्हापूर-सांगलीने, २०२१ मध्ये चिपळूणने तेच अनुभवले. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये, दोन रेषांमध्ये ते निर्बंधांनीच व्हावे, हा नियम कागदावर उत्तम आहे. परंतु नदीपात्रालगत भराव पडतो आणि त्यावर इमारत उठते, तेव्हा त्या जागेतले पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावरच्या अथवा वरच्या अंगाच्या एखाद्या वस्तीत चढते. भराव टाकणाऱ्याला जमीन मिळते, खरेदीदाराला नदीचा देखावा मिळतो आणि पाणी मिळते ते ज्याचा या व्यवहाराशी काहीही संबंध नसतो त्याला. कार्नार्व्हनच्या सुरुंगाचा आवाज तरी झाला होता. हा सुरुंग आवाज न करता लागतो.

म्हणून पूरनियंत्रणाची कोणतीही योजना पुढे आली की, ती किती खर्चाची आणि किती मीटर उंचीची एवढेच विचारून भागणार नाही. ही भिंत झाल्यावर पाणी कोठे जाणार, भिंत अपुरी पडली तर प्रथम कोण बुडणार, त्याला हे आज सांगितले आहे काय, आणि त्याची भरपाई कोणत्या कायद्याने बांधून दिली आहे, या प्रश्नांची उत्तरे योजनेच्या कागदावरच लिहिलेली असली पाहिजेत. पूररेषांचे नकाशे तहसील कचेरीच्या कपाटात न राहता घराच्या खरेदीखताला जोडले गेले पाहिजेत. वस्तीतील एकट्या वृद्धांची, आजाऱ्यांची, वाहन नसलेल्यांची यादी पावसाळ्यापूर्वी वस्तीनेच तयार करावी आणि ती यादी कोणाला वगळत नाही हे शासनाने तपासावे. यांपैकी एकाही गोष्टीला अब्जावधी रुपये लागत नाहीत.

त्यासाठी लागते ती पाण्याची वाटणी उघड्यावर करण्याची तयारी. ती वाटणी झाकून ठेवण्यात ज्यांचा लाभ आहे ते ती आपण होऊन उघड करणार नाहीत, हे न्यू ऑर्लिन्सच्या शंभर वर्षांनी दाखवून दिले आहे. ज्यांच्या दारात पाणी येणार आहे त्यांनी पाऊस पडण्याच्या आधी विचारले, तरच त्यांना उत्तर मिळेल.